यंत्र म्हणाले, 'ठोके अनियमित'

मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटे टेकवून पाहा. ठोका हाताला लागेल. ही नाडी. मोठे माणूस स्वस्थ बसले असता नाडी मिनिटाला 60 ते 100 वेळा पडते.

हृदयात विजेची बारीक लहर उठते. तिच्यामुळे ठोका पडतो. ही लहर रेघेने काढून दाखवणाऱ्या यंत्राबद्दल हॉलंडच्या आइंथोव्हेन यांना 1924 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे यंत्र खोली भरून होते. आता मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारे यंत्र तयार केले आहे. त्यातली रेघ मोबाईलवरून दूर पाठवता येते. सावद्याच्या माणसाची रेघ जळगावचे डॉक्टर पाहू शकतात.

अशा छोट्या यंत्रावर कधी 'ठोके अनियमित' असे उमटते. वाचून छातीत धस्स होते. पण याचा अर्थ काय?

गाडीच्या बैलाची घुंगरे एका तालात वाजतात. ताल मोडला की गाडीवानाला कळते, पाऊल चुकले. पण खडा टोचला की पाय अधू झाला, हे घुंगरू सांगत नाही. उतरून पाय पाहावा लागतो. यंत्राचेही तसेच आहे.

कधी हात हललेला असतो, म्हणून रेघ बिघडते. कधी एखादा ठोका आगाऊ पडतो. असे निरोगी माणसालाही होते. पण कधी हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात. मग नाडीला ताल राहत नाही. कप्प्यात रक्त साकळून गाठ होऊ शकते. ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो. यावर औषध आहे. म्हणून घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका.

पाच मिनिटे शांत बसा. हात न हलवता पुन्हा तपासा. तारीख, वेळ आणि तेव्हा काय वाटत होते, ते लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते ना! ती चिठ्ठी आणि रेघ डॉक्टरांना दाखवा. आपल्या मनाने गोळी घेऊ नका, चालू गोळी सोडूही नका.

मात्र छातीत दुखले, दम लागला, दरदरून घाम आला, भोवळ येऊन माणूस पडले, तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला, तर यंत्र काढत बसू नका. लगेच 108 ला फोन करा. अशा वेळी यंत्र 'ठीक' म्हणाले तरी थांबू नका.