अहवालामागील अदृश्य हात

गरोदर स्त्रीच्या गर्भजलाचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि काही दिवसांनी दोन ओळींचा अहवाल हाती येतो. त्या दोन ओळींवर एका कुटुंबाचा निर्णय अवलंबून असतो. परंतु पेशी वाढविणे, योग्य क्षणी त्यांचे विभाजन थांबविणे, गुणसूत्रांवरील पट्टे रंगवून उमटविणे आणि 46 गुणसूत्रांच्या 23 जोड्या लावणे, ही कामे करणारा तंत्रज्ञ त्या कुटुंबास कधीच दिसत नाही. नमुन्यावरील नावाची चिठ्ठी त्याच्या हातून बदलली, तर उत्तम यंत्रही चुकीचेच उत्तर देणार.

भाजी पारखून घेता येते; अहवाल पारखता येत नाही. जेथे ग्राहकास मालाची प्रत ओळखता येत नाही, तेथे सोन्यावरील हॉलमार्कप्रमाणे त्रयस्थाची साक्ष लागते. प्रमाणपत्राचे खरे प्रयोजन हेच होय. अमेरिकेत पेशी-आनुवंशिकी आणि रेणवीय जीवशास्त्र यांतील तंत्रज्ञांसाठी स्वतंत्र प्रमाणन परीक्षा आहेत. आपल्याकडे प्रसूतिपूर्व निदानविषयक 1994 च्या कायद्याखालील नियमांनी जनुकीय प्रयोगशाळेतील तंत्रज्ञास जीवशास्त्रीय विषयातील बी.एस्सी. किंवा वैद्यकीय प्रयोगशाळा अभ्यासक्रमाची पदवी वा पदविका आणि एक वर्षाचा अनुभव आवश्यक ठरविला. पुढे 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायविषयक कायद्याने आरोग्य व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान 3600 तासांच्या शिक्षणाची अट घातली आणि आपल्या अनुसूचीत पेशी-आनुवंशिकीतज्ज्ञांसही स्थान दिले.

नियम योग्यच आहेत; अडचण त्यांच्या अंमलात आहे. अनुभवावाचून नोकरी नाही आणि नोकरीवाचून अनुभव नाही, या पेचात नवा पदवीधर सापडतो. ज्याच्या घरी ऐपत आहे तो बिनपगारी उमेदवारी करू शकतो. कारकुनाच्या वा शेतमजुराच्या मुलास ते परवडत नाही. मग तो अल्पमुदतीच्या वर्गांची जाहिरात पाहून फी भरतो आणि हाती येणाऱ्या कागदालाच पात्रता समजतो.

दुसरीकडे गरज वाढतेच आहे. सिकलसेल निर्मूलनाच्या 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. गडचिरोली आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांना हा आजार परका नाही. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणजे तपासणीतील चूक पुढच्या पिढीस भोवते.

म्हणून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विद्यावेतनासह एक वर्षाची उमेदवारी उपलब्ध करून देणे हा दानधर्म नव्हे, ती गुंतवणूक आहे. यंत्र पैशाने एका दिवसात आणता येते. विश्वासार्ह हात घडविण्यास वर्षे लागतात.