आधाराविना लागणारा सूर

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये दरवर्षी 24 डिसेंबरला दुपारी तीन वाजता नाताळची एक खास उपासना होते. ‘नऊ पाठ आणि कॅरल्स’ हे तिचे नाव आणि तोच तिचा आराखडा. बायबलमधले नऊ उतारे क्रमाने वाचले जातात. आदामाच्या पतनापासून कथा सुरू होते आणि संदेष्ट्यांची भाकिते, मरियेला मिळालेला निरोप, मेंढपाळ व पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, असे टप्पे घेत योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभाशी पोहोचते. पहिला पाठ गायकवृंदातला एक लहान मुलगा वाचतो, नववा कॉलेजचे प्रमुख वाचतात. प्रत्येक पाठानंतर वृंद कॅरल, म्हणजे नाताळचे गीत, गातो, तर काही गीतांत जमलेली सगळी मंडळी उभी राहून सामील होते. प्रवचन नसते. जे सांगायचे ते पाठ आणि गाणे यांतूनच सांगितले जाते.

हा आराखडा मुळात किंग्जचा नाही. कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो येथे 1880 च्या नाताळच्या पूर्वसंध्येला बिशप एडवर्ड व्हाइट बेन्सन यांनी अशी उपासना पहिल्यांदा घेतली. त्या वेळी तिथले कॅथीड्रल बांधून व्हायचे होते आणि उपासना एका तात्पुरत्या लाकडी इमारतीत चालत असे. किंग्जमध्ये ती 1918 मध्ये आली. पहिले महायुद्ध नुकतेच थांबले होते. सैन्यात धर्मगुरू म्हणून काम करून परतलेले एरिक मिल्नर-व्हाइट कॉलेजचे डीन झाले होते. युद्धाने पोळलेल्या लोकांना नेहमीची उपासना पुरेशी पडणार नाही, असे त्यांना वाटत होते. ट्रुरोचा आराखडा घेऊन त्यांनी आरंभीची प्रार्थना नव्याने लिहिली. आता आपल्यासोबत नसलेल्यांचे स्मरण तिच्यात आहे आणि ती आजही म्हटली जाते. 1919 मध्ये क्रम थोडा बदलला आणि ‘वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी’ हे गीत सुरुवातीला आले. 1928 मध्ये बीबीसीने ही उपासना रेडिओवरून प्रसारित केली. 1930 चा अपवाद सोडला तर ते प्रक्षेपण आजवर चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात चॅपलच्या खिडक्यांवरची जुनी रंगीत काच सुरक्षिततेसाठी उतरवून ठेवली होती, तरी गाणे थांबले नाही.

गाणारा वृंद या उपासनेपेक्षा कितीतरी जुना आहे. सहाव्या हेन्रीने 1441 मध्ये कॉलेजची स्थापना केली आणि चॅपलमध्ये गाण्यासाठी सोळा मुले असावीत, अशी तरतूद नियमावलीतच करून ठेवली. मुलांचा आकडा आजही सोळाच आहे. त्यांना कोरिस्टर म्हणतात. ती कॉलेजच्या शाळेत शिकतात, शाळा भरण्याआधी सकाळी तालीम करतात आणि सत्र चालू असताना आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी चॅपलमध्ये गातात. सर्वांत वरची पट्टी, म्हणजे ट्रेबल, त्यांची. त्याखालचे अल्टो, टेनर आणि बेस हे तीन आवाज विद्यापीठात शिकणारे तरुण सांभाळतात. त्यांतले अल्टो गाणारे पुरुष मुद्दाम घडवलेल्या वरच्या आवाजात गातात. वृंद दोन भागांत विभागून मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर उभा राहतो.

मराठी कानाला या गाण्यातला महत्त्वाचा फरक इथेच जाणवतो. मराठी चर्चमध्ये ना. वा. टिळकांची भजने गाताना सारी मंडळी एकच चाल धरते आणि पेटी व तबला साथीला असतात. किंग्जच्या वृंदात चार आवाज एकाच वेळी चार वेगळ्या ओळी गातात आणि त्या ओळी परस्परांवर बसल्या की स्वरमेळ तयार होतो. एखादा आवाज केसभर उतरला तरी मेळ गढूळ होतो.

या साऱ्या रचनेची कसोटी ‘वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी’ या आरंभीच्या गीताच्या पहिल्याच कडव्यात लागते. चॅपलच्या पश्चिम टोकाला वृंद उभा असतो. एक मुलगा एकट्याने, कोणत्याही वाद्याच्या साथीविना, पहिले कडवे गातो. दुसरे कडवे वृंद चार आवाजांत गातो, तेही साथीविना. तिसऱ्या कडव्याला ऑर्गन आणि शेकडो माणसांचा आवाज एकदम येऊन मिळतो. आपल्या गायकाच्या मागे तंबोरा अखंड षड्ज-पंचम धरून असतो. इथे एकदा सूर दिला की पुढची दोन कडवी तो डोक्यातच सांभाळावा लागतो. चाल दिसायला सोपी आहे. ती मंद्र पंचमापासून निषादावरून षड्जावर चढते आणि पुढे मध्य धैवतापर्यंत जाते. पण एकट्या गळ्याने शांतपणे, लांब श्वासात गाताना सूर हळूहळू उतरण्याचा धोका असतो आणि घाबरलेला गळा उलट चढतो. ऑर्गनची पट्टी मात्र ठरलेली असते. दुसरे कडवे संपताना वृंद खाली सरकलेला असेल, तर तिसऱ्याच्या पहिल्याच स्वराला ते सर्वांना ऐकू येते.

ही जबाबदारी कोणावर टाकायची, याची पद्धतही विचारपूर्वक बसवलेली आहे. 1982 ते 2019 या काळात वृंदाचे संचालक असलेले स्टीफन क्लिओबरी एकापेक्षा जास्त मुलांची तयारी करून घेत. त्यांच्यापैकी कोण गाणार हे प्रक्षेपण सुरू होण्याच्या अगदी आधी, बोटाने खूण करून ठरे. त्यामुळे रात्रभर काळजीत जागण्याची पाळी कोणा एकावर येत नसे आणि ऐन वेळी कोणाचा घसा बसला तरी दुसरा तयार असे. मुलांच्या मनाचा इतका बारीक विचार संगीताच्या शिक्षणात फार थोड्या ठिकाणी दिसतो.

चॅपलची वास्तू हा वृंदाचा सोबतीही आहे आणि परीक्षकही. सुमारे 88 मीटर लांब, 24 मीटर उंच आणि जेमतेम 12 मीटर रुंद असे हे दालन जॉन वेस्टेल यांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी पंख्यासारख्या नक्षीच्या दगडी छताने झाकले. गायलेला स्वर त्या छताखाली रेंगाळतो. त्यामुळे कोवळा आवाज भरदार वाटतो, पण घाईत म्हटलेले शब्द एकमेकांत मिसळून जातात. म्हणून इथल्या मुलांना व्यंजने ठसठशीत आणि नेमक्या क्षणी उच्चारायला, सर्वांचे स्वरोच्चार एकसारखे ठेवायला आणि आवाज न हलवता सरळ लावायला शिकवले जाते. किंग्जचा म्हणून जगभर ओळखला जाणारा नितळ ध्वनी मोठ्या प्रमाणात याच दगडाने घडवला आहे. अंतराचाही प्रश्न असतो. दालनाच्या एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोहोचायला सुमारे पाव सेकंद लागतो. पहिले गीत गात वृंद पश्चिम टोकाकडून मिरवणुकीने पुढे सरकत असताना प्रत्येकाने फक्त कानावर विसंबून गायचे ठरवले, तर ताल फाटतो. तालीम रिकाम्या चॅपलमध्ये होते, तर उपासनेच्या दिवशी लोकरी कोट घातलेली गर्दी बराच ध्वनी शोषून घेते. त्यात माणसांच्या उबेने हवा तापते आणि ऑर्गनच्या नळ्यांचा स्वर किंचित चढतो.

उपासनेतली अनेक परिचित वळणे विसाव्या शतकातली आहेत. 1957 ते 1974 या काळातले संचालक डेव्हिड विलकॉक्स यांनी मंडळींच्या गीतांची शेवटची कडवी नव्याने सजवली. लोक मूळ चाल गात असतात आणि मुले तिच्या वरून वेगळीच स्वररेषा ओढत जातात. तिला डेस्कँट म्हणतात. 1961 मध्ये रेजिनाल्ड जेक्स यांच्यासह त्यांनी संपादित केलेल्या ‘कॅरल्स फॉर क्वायर्स’ या संग्रहामुळे ही सजावट गावोगावच्या चर्चमध्ये पोहोचली. क्लिओबरी यांनी 1983 पासून दरवर्षी एक नवे कॅरल लिहून घेण्याचा पायंडा पाडला. जुडिथ विअर, आर्व्हो पेअर्ट, जॉन रटर यांच्या रचना त्यातून आल्या. नव्या कॅरलचे स्वर ओळखीचे नसतात, ते थोड्या आठवड्यांत बसवावे लागतात आणि थेट प्रक्षेपणात गावे लागतात. तरीही हा पायंडा मोलाचा आहे, कारण त्यामुळे ही उपासना आठवणींचे प्रदर्शन होऊन बसत नाही.

खरी अडचण आवाजाच्या आयुष्याची आहे. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असताना वृंदात येतो आणि साधारण तेराव्या वर्षी त्याचा आवाज फुटतो. ज्या वर्षी त्याची समज आणि गळा दोन्ही पिकतात, त्याच वर्षी तो जातो. वरच्या मुलांच्या शेजारी उभे राहून धाकटे शिकतात, हीच इथली मुख्य शिक्षणपद्धती असल्याने एखाद्या वर्षी मोठी मुले लवकर गेली तर शिकवणारेच कमी पडतात. मुले वयात येण्याचे वयही खाली आले आहे. संगीतकार बाखच्या काळातल्या लाइपझिगमध्ये मुलांचा आवाज सोळा-सतराव्या वर्षापर्यंत टिके, असे जुन्या नोंदींवरून अभ्यासकांनी दाखवले आहे. म्हणजे पूर्वी हातात असलेली तीन-चार वर्षे आज मिळत नाहीत. पुरुष गायकही पदवी मिळाली की निघून जातात, त्यामुळे चार-पाच वर्षांत जवळजवळ सगळा वृंद बदलतो.

त्याला जोडून दुसरी अडचण येते. आठव्या वर्षी मुलाला घरापासून दूर शाळेत ठेवायला तयार असणारे पालक पूर्वीसारखे सहज मिळत नाहीत. सुट्टी लागून इतर मुले घरी गेल्यावरही कोरिस्टर नाताळपर्यंत थांबतात. आणि डिसेंबर हा सर्दी-खोकल्याचा महिना. 2020 मध्ये महासाथीमुळे उपासना श्रोत्यांविना आधीच ध्वनिमुद्रित करावी लागली. मंडळी नसतील तर या गाण्याचा अर्धा भाग हरवतो, हे तेव्हा स्पष्ट झाले.

तिसरा प्रश्न मुलींचा. सॉल्सबरी कॅथीड्रलने 1991 मध्ये मुलींचा वेगळा वृंद उभारला आणि पुढे अनेक कॅथीड्रलांनी तो मार्ग धरला. केंब्रिजमधल्याच सेंट जॉन्स कॉलेजने 2022 पासून मुलींना मुख्य वृंदात घेतले. किंग्जमध्ये 1997 पासून स्त्री-पुरुषांचा ‘किंग्ज व्हॉइसेस’ हा निराळा वृंद गातो, पण मुख्य वृंदात मुलगेच आहेत. मुलग्यांच्या आवाजाचा पोत वेगळा असतो आणि मुली आल्या की मुलगे गाणे सोडतात, असे एक बाजू म्हणते. इतके कसून मिळणारे संगीतशिक्षण अर्ध्या मुलांना नाकारणे अन्यायाचे आहे, असे दुसरी बाजू म्हणते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे जास्त वजनदार आहे. शिकवण चांगली असेल तर मुलींचाही आवाज असाच नितळ लागतो, हे अनेक कॅथीड्रलांनी आता दाखवून दिले आहे. किंग्जची परंपराही कधी गोठलेली नव्हती. आराखडा ट्रुरोहून आला, पहिले गीत दुसऱ्या वर्षी ठरले, डेस्कँट साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे आणि एक कॅरल दरवर्षी नवे. सोळा मुले नेमताना संस्थापकाने ज्या कामाची व्यवस्था केली होती, ते काम लहान मुलांना लवकर, मनापासून आणि रोज गायला शिकवण्याचे होते. ते चालू राहिले तर गळा कोणाचा यावर ही उपासना अडणार नाही.