दारातले बहुखोडी झाड

काही झाडे एका सरळ खोडावर वाढत नाहीत. जमिनीलगतच त्यांना तीन-चार खोडे फुटतात, ती जराशी बाहेर कलतात आणि वर मिळून एकच डेरा धरतात. दहा-पंधरा फुटांत आवरणारे असे झाड दारापुढच्या लहान अंगणाला शोभते. वड-पिंपळाप्रमाणे त्यापासून घराच्या पायाला धोका नसतो, आणि फूलही हाताशी राहते.

हिंगोली जिल्ह्यात निवडीची सुरुवात जमिनीपासून करावी लागते. कयाधू आणि पूर्णेच्या काठची भारी काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. औंढा नागनाथकडच्या डोंगराळ भागात मात्र दोन फुटांवर मुरूम लागतो. चाफा या मुरमात आनंदाने वाढतो. काळ्या जमिनीत पाणी तुंबले की त्याची मुळे कुजतात. तिथे तो उंचवट्यावरच लावावा.

दोन्ही जमिनींत निभावणारे आणि खऱ्या अर्थाने बहुखोडी झाड म्हणजे पारिजातक. बुडापासून फुटणे हा त्याचा स्वभावच आहे. कोवळ्या फांद्या चौकोनी, पाने हाताला पॉलिश पेपरसारखी खरखरीत. पावसाळ्यापासून थंडीच्या तोंडापर्यंत ते फुलते: कळ्या संध्याकाळी उमलतात, पहाटे केशरी देठांचा सडा पडतो. खाली पडलेले फूल एरवी देवाला चालत नाही, पारिजातकाचे चालते. म्हणून त्याच्याखाली फरशी घालण्यापेक्षा सारवलेली किंवा मोकळी जमीन बरी. उन्हाळ्यात ते बरेच उघडे पडते, एवढे सोसावे लागते.

आपट्याकडे शोभेचे झाड म्हणून कोणी पाहत नाही, हे नवल. वेडेवाकडे खोड, खाली झुकलेल्या फांद्या आणि जोडपाने असलेले हे झाड हलक्या रानात कमी पाण्यावर तगते. वाढ मात्र संथ. दसऱ्याला सोने म्हणून कांचनाची पाने खपवणाऱ्या बाजारापेक्षा दारचा आपटा केव्हाही खरा.

पांढरी कुंती, म्हणजेच कामिनी, सुगंधी आणि सदाहरित आहे. पण शेजारी मोसंबी-संत्र्याची बाग असेल तर ती टाळावी. बागेत रोग पसरवणारी सायला कीड तिच्यावर पोसली जाते. पिवळ्या फुलांची बिट्टी काटक खरी, परंतु तिच्या बिया जीवघेण्या विषारी असतात. लहान मुले किंवा शेळ्या असलेल्या घरी तिला जागा नाही. तामण हे महाराष्ट्राचे राज्यफूल असले तरी त्याचे झाड लहान अंगणात मावत नाही.

रोपवाटिकेत रोप घेताना पिशवीत डोकवावे. एकाच पिशवीत तीन रोपे कोंबलेली असतील तर ते बहुखोडी झाड नव्हे. ती तिन्ही पुढे एकमेकांच्या तोंडचा घास ओढतात. एकाच बुडाचे फुटवे हवेत. ते नसल्यास रोप एक वर्षाचे झाल्यावर वीतभर उंचीवर छाटावे. नव्या फुटव्यांतले बाहेर झुकणारे तीन ते पाच राखून आतले काढावेत. एकमेकांना घासणारी किंवा अगदी चिकटून वाढणारी खोडे अवकाळीच्या वाऱ्यात बेचक्यातच फाटतात.

खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल, भिंतीपासून निदान सहा फुटांवर घ्यावा. काळ्या मातीत मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळावे. लागवड पहिला चांगला पाऊस झाल्यावर करावी, आणि पुढचे दोन उन्हाळे पाणी चुकवू नये. पारिजातकाची छाटणी पावसाळ्याआधी उरकावी. फुले नव्या फुटीच्या टोकाला येत असल्याने पावसाळ्यात कात्री लावली की त्या वर्षीचा सडा गेला.