मामंजींची हेरल्ड

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या पडवीत एकीकडे चकलीचा सोऱ्या आणि दुसरीकडे मोटारीची चार चाकं, असा थाट होता. येणारीजाणारी प्रत्येक बाई विचारायची, "काय हो, गॅरेज काढलंत की काय?" मी नुसतं हसायची. खरं तर महिनाभर आमच्या घरात त्या गाडीवरून हसण्यासारखं काही नव्हतं.

गाडी मामंजींची. स्टँडर्ड हेरल्ड, १९६९ ची. त्यांनी ती १९७८ साली जुनी म्हणून घेतली आणि शेवटपर्यंत धुतल्याशिवाय रस्त्यावर काढली नाही. ते गेल्यावर दोन वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "एकदा त्यांच्या गाडीतून जोतिबाला जाऊन यायचं होतं." म्हातारं माणूस मागून मागून एवढंच मागतं, तेव्हा नाही कसं म्हणायचं?

ह्यांचं मन मात्र दुसऱ्याच गोष्टीवर. हेरल्ड मुळात इंग्लंडची, ट्रायम्फ कंपनीची, १९५९ ची. तिचा आकार मिकेलोट्टी नावाच्या इटालियन माणसाने काढला. मद्रासला ती १९६१ पासून बनू लागली. आमच्यासारखी चार दारांची हेरल्ड तर फक्त आपल्याकडेच निघाली. पण ह्याच हेरल्डच्या सांगाड्यावरून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर ही दोन माणसांची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार काढली. इंजिन तेच ११४७ सीसीचं. विलायतेतल्या हेरल्डमध्ये एका कार्बोरेटरवर त्याची ताकद ३९ हॉर्सपॉवर, तर स्पिटफायरमध्ये दोन कार्बोरेटर आणि इतर फेरफारांमुळे ६३. म्हणजे घरात स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण उभी आहे, फक्त तिला नटवायचं बाकी आहे, असं ह्यांचं म्हणणं. दोन कार्बोरेटरची जोडी आणायची ठरलीसुद्धा. किंमत ऐकली आणि मुलाची वर्षाची फी डोळ्यांपुढे आली.

मी भांडले नाही. (थोडी भांडले.) मग मामंजींच्या ट्रंकेतलं गाडीचं जाड इंग्रजी पुस्तक काढलं आणि वाचायला बसले. बी.ए.चा दाखला ट्रंकेत पडून राहण्यापेक्षा हे बरं. दुपारी शाळेतून आले की चहाबरोबर दहा पानं. तिसऱ्या दिवशी एका ओळीवर अडखळले. पुढच्या चाकांच्या खाली ट्रनियन नावाचा ब्रॉंझचा तुकडा असतो. चाकाला धरणारा उभा पोलादी दांडा त्यात आट्यांनी फिरवून बसवलेला असतो. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो. तिथे गिअरचं ९० नंबरचं तेल घाला, असं पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं. ग्रीस नव्हे, तेल.

ह्यांना विचारलं. म्हणाले, "आमचा जुना मिस्त्री दर सर्व्हिसिंगला ग्रीसच मारायचा. सगळीकडे मारायचा." इथेच घोळ आहे. घट्ट ग्रीस त्या बारीक आट्यांत खोलवर शिरत नाही, वर्षांनी वाळून खडा होतं. मग पावसाचं पाणी आत जातं आणि पोलाद आतून गंजतं. बाहेरून काही दिसत नाही. एक दिवस वळणावर दांडा मोडतो आणि चाक गाडीखाली दुमडतं. शिलाई मशीनला तेलाऐवजी ग्रीस लावलं तर काय होईल, ते आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. इथेही तेच, फक्त आत माणसं बसलेली.

मी म्हटलं, कार्बोरेटर राहू द्या, आधी हे उघडून बघू. उघडलं. उजवीकडचा बरा होता. डावीकडचा दांडा आट्यांजवळ काळपट लाल, नखाने खपली निघावी इतका गंजलेला. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. ह्याच गाडीतून मामंजी नातवाला पुढे बसवून रंकाळ्याला न्यायचे.

आमच्या कोल्हापुरात उद्यमनगर आहे, तिथे लेथवर काय वाट्टेल ते बनवून मिळतं. पण तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने दांडा हातात घेऊन परत दिला. "वहिनी, बुश सांगा, पिन सांगा, संध्याकाळी देतो. ह्ये मात्र घडवलेलं पोलाद हाय, ह्ये कंपनीचंच आणा." त्या माणसाचा मला फार आदर वाटला. काम घेऊन पैसे करता आले असते. भाग विलायतेहून मागवले. तिकडे ह्या गाड्यांचे हौशी लोक पुष्कळ, त्यामुळे सुटे भाग अजून निघतात. जकातीसकट खर्च झाला, तरी कार्बोरेटरच्या जोडीपेक्षा कमीच. बसवताना एक गंमत कळली. डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. शिवाय दांडा पूर्ण आत फिरवायचा आणि मग एका फेऱ्याच्या आतच मागे घ्यायचा, नाहीतर तो वळताना अडतो.

हेरल्डचं एक बरं, पुढचं सगळं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटं पडतं आणि इंजिन ताटात वाढल्यासारखं समोर येतं. मी चाकावर बसून प्लगची फट मोजली आहे. मात्र पाने इंचाचे लागतात. मिलिमीटरमधला १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटाला बसल्यासारखा वाटतो आणि त्याचे कोपरे खाऊन टाकतो. असे दोन नट आम्ही बिघडवले, तेव्हा शहाणे झालो.

ब्रेकचं काम दोघांचं असतं. जुन्या हेरल्डला चारी चाकांसाठी तेलाची एकच वाट असते. कुठे एका ठिकाणी गळलं तर पेडल सरळ तळाला. म्हणून रबरं आणि होस सगळे नवे घातले. ब्रेकचं तेल पावसाळ्यातल्या मिठासारखं हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा ते दर दोन वर्षांनी बदलायचं आणि बाटली उघडी ठेवायची नाही. रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो. हवा काढताना मी आत बसून पेडल दाबायची आणि हे बाहेर चाकापाशी. सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. "दाब. धर. धरलंस? सोड." बोंडी बंद होण्याआधी पाय उचलला की हवा परत आत. माझा पाय दोनदा लवकर उचलला गेला आणि ह्यांचा आवाज चढला. तेव्हा मी उतरून सरळ स्वयंपाकघरात गेले. दहा मिनिटांनी चहा मागायला आले ते जरा नरम होऊन.

जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ड्रममधली धूळ फुंकरीने किंवा पंपाने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका. मुलांना तिथे फिरकू देऊ नका. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली घरातल्या कुणालाही शिरू देऊ नका. विटांवर तर नाहीच, वीट एका क्षणात फुटते. लोखंडी स्टँड पाहिजेत. ते आणल्याशिवाय मी ह्यांना खाली जाऊ दिलं नाही, त्यावरूनही एक संध्याकाळ अबोल्यात गेली. शर्टावरच्या ग्रीसला आधी पाणी लावू नका. खडूची पूड दाबून रात्रभर ठेवा, मग भांड्यांच्या साबणाने घासा. खडूला मला तोटा नाही.

पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या. २०२५ पासून बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ऊस आपल्याच शिवारातला, पण जुनं रबर त्याने मऊ होऊन चिरतं, आणि पेट्रोल ठिबकतं ते गरम इंजिनाजवळ. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या मिळतात, त्या मागून घ्याव्यात.

कार्बोरेटरचा विषय ह्यांनी एकदा परत काढला. तेव्हा मी दोन गोष्टी पुढे ठेवल्या. एक, हेरल्डची मागची चाकं अशा आसावर असतात की वेगात वळताना एकदम पाय काढला तर चाक आत झुकतं आणि गाडी फिरते. ट्रायम्फलाच स्पिटफायरमध्ये १९७० साली मागची स्प्रिंग बदलावी लागली. शिवाय स्पिटफायरला पुढे डिस्क ब्रेक, आपल्याला ड्रम. आधी थांबणं, मग धावणं. दुसरं, २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला नसावा. अशी गाडी रोज वापरता येत नाही, हेही खरं. नोंदवायची की नाही ते अजून ठरलेलं नाही. ह्यांनी कार्बोरेटरचा फोटो मात्र अजून जपून ठेवलाय.

जोतिबाला आम्ही साध्या मंगळवारी गेलो. खेट्यांच्या रविवारी त्या गर्दीत कोण जाणार! सासूबाई पुढे बसल्या, मांडीवर गुलालाची पुडी. चढावर इंजिन कण्हत होतं, एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत पुढे गेला, तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊ दे त्याला. ते पण असेच हळू चालवायचे." उतरताना हे दुसऱ्या गिअरमध्ये आले, ब्रेकवर पाय टेकवून राहिले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी चारी चाकांच्या ड्रमांना एकेक करून हात लावून पाहिला. चारी सारखेच कोमट होते. मी वहीत तारीख आणि मीटरचा आकडा लिहिला आणि त्यापुढे लिहिलं, ट्रनियनला तेल.