पाच परार्ध ओळखी

लिंक्डइन सुरू झालं मे 2003 मध्ये आणि वीस वर्षांत, 2023 साली, त्याची सभासदसंख्या 100 कोटींवर गेली. या शंभर कोटींतल्या प्रत्येकाची प्रत्येकाशी ओळख करून द्यायची म्हटली, तर जोड्या किती होतील? पाचावर सतरा शून्यं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली संख्यास्थानं जिथे संपतात तिथलं हे प्रकरण आहे: पाच परार्ध.

एवढं लांब नको, एका माणसाचं बघू. समजा, चाकणच्या कारखान्यातल्या क्वालिटी इंजिनिअरची 500 कनेक्शन्स आहेत आणि त्या प्रत्येकाची आणखी 500. दुसऱ्या पायरीवर अडीच लाख माणसं, तिसऱ्या पायरीवर साडेबारा कोटी. 2011 च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा होता! एवढा गोतावळा असून बिचारा चार वर्षं त्याच खुर्चीत का? कारण गुणाकार फसवा आहे. शेजारच्या टेबलावरचा मित्र ज्यांना ओळखतो त्यांना हाही ओळखतो. निम्मी यादी एकाच कॉलेजची, उरलेली एकाच कंपनीची. तीच नावं फिरून फिरून येतात, आणि रिकाम्या जागेची बातमी सगळ्यांना एकदमच कळते.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने हे 1973 मध्येच मांडलं होतं. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती, त्यांना त्याने विचारलं, तो ओळखीचा माणूस तुम्हाला तेव्हा कितीदा भेटायचा? ‘नेहमी’ म्हणणारे जेमतेम 16.7 टक्के निघाले. ‘अधूनमधून’ 55.6, ‘क्वचित’ 27.8. मात्र ही माणसं होती अवघी 54.

लिंक्डइनवर 2015 ते 2019 दरम्यान हाच प्रश्न 2 कोटी लोकांवर तपासला गेला, तोही त्यांना न सांगता. हे मला खटकतं. कोणाला कोणती ओळख सुचवायची, ते बदलून पाहिलं. त्या काळात 200 कोटी नव्या ओळखी जुळल्या आणि 6 लाख नव्या नोकऱ्या लागल्या. भागून बघा: एका नोकरीमागे साधारण 3,333 ओळखी. 2022 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला निष्कर्ष असा, की नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी ठरतात अर्धवट ओळखीचे लोक, साधारण दहाएक समाईक कनेक्शन्स असलेले. अगदी जवळचे नाहीत, अगदी परकेही नाहीत.

म्हणून आकडा फुगवण्यात अर्थ नाही. कमाल मर्यादा 30,000 कनेक्शन्सची. प्रत्येकाला एकेक मिनिट दिलं तरी 500 तास जातील. आणि प्रोफाइलवर 501 असोत की 30,000, दिसतं ‘500+’च.

आपल्या इंजिनिअरने लिहायचं ते व्हेंडर ऑडिटला एकदाच भेटलेल्या, आता चेन्नईला गेलेल्या माणसाला: “सर, त्या ऑडिटमध्ये कास्टिंगच्या रिजेक्शनवर तुम्ही जो मुद्दा काढला होतात, तो आम्ही लाइनवर लावला. तुमच्या नव्या प्लांटमध्ये हे काम कसं चालतं, दहा मिनिटं बोलता येईल का?” दोनशे जणांना एकाच वेळी चिकटवलेलं ‘डिअर सर, प्लीज रेफर मी’ समोरच्याला पहिल्या ओळीतच ओळखू येतं.