पायी चालणाऱ्याचा रस्ता

नेरळ स्टेशनला उतरले की शेअर टॅक्सी घाट चढून दस्तुरी नाक्यावर आणून सोडते. तिथे मोटारीचे राज्य संपते. रुग्णवाहिकेसारखी तातडीची वाहने सोडली तर इतर मोटारींना व मोटारसायकलींना पुढे मनाई आहे. त्यामुळे माथेरानच्या लाल मातीच्या रस्त्यावर हॉर्न नाही, धूर नाही. शाळा सुटली की पोरे रस्त्याच्या मधोमध हुंदडत घरी जातात आणि त्यांच्या आया निर्धास्त असतात. आमच्या कर्जत-खोपोलीकडे मात्र पोर घरी येईपर्यंत आईचा जीव टांगणीला लागलेला असतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही कुटुंबासह माथेरानला गेलो होतो. सोबत आमची म्हातारी मावशी होती. दस्तुरीवरून बाजारपेठ अडीच किलोमीटरच्या आसपास, त्यात चढ आणि मावशीचे गुडघे दुखणारे. शटल गाडी नुकतीच सुटली होती. आम्ही हातरिक्षा ठरवली. एक जण पुढे ओढणार, साथीदार मागून ढकलणार. मावशीने रिक्षाकडे पाहिले, ओढणाऱ्याच्या पायांकडे पाहिले आणि म्हणाली, "नको रे बाबा. माझ्या बापानं जन्मभर दुसऱ्याची ओझी वाहिली. आता मी कुणाचं ओझं व्हायचं?"

रिक्षावाला समजूतदार होता. तो म्हणाला, "आजी, तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही नाही बसलात तर संध्याकाळी मी घरी काय नेऊ?"

मावशी थांबत थांबत पायीच आली. आम्ही त्याला चहापाण्याचे पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते मिळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

मोटार नाही, मग ओझे कोणावर?

ठाण्याचे इंग्रज कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली या डोंगरावर चढले आणि साहेब लोकांसाठी येथे थंड हवेचे ठिकाण वसले. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने बांधलेली नेरळ-माथेरान छोटी रेल्वे सुरू झाली. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि वाहनबंदीला अधिक बळ आले. झाडे वाचली, पोरे वाचली, हे सर्व चांगलेच झाले.

पण बांधवांनो, एक गोष्ट कुणी हिशोबात धरली नाही. मोटार गेली तरी ओझे काही गेले नाही. पाहुण्यांची सामाने, म्हातारी माणसे, आजारी माणसे यांना कोणीतरी वाहून न्यायलाच हवे होते. ते काम घोड्यांच्या पाठीवर आणि माणसांच्या खांद्यावर आले. ९४ हातरिक्षांना परवाने होते. पावसात, चिखलात, चढावर माणूस माणसाला ओढीत राहिला. हा रस्ता अपघातापासून सुरक्षित होता, परंतु ओढणाऱ्याची छाती आणि गुडघे त्यात धरलेले नव्हते.

हातरिक्षा ओढणाऱ्यांनी संघटना करून ई-रिक्षेची मागणी केली आणि कोर्टाची पायरी चढली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रायोगिक परवानगी दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा चाचणीसाठी धावल्या. पुढे ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. संविधान लागू होऊन ७५ वर्षे झाल्यावरही माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा चालू राहणे हा सामाजिक व आर्थिक न्यायाच्या वचनाचा भंग आहे, असे सांगून ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश त्यांनी दिला. देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश असलेल्या न्यायमूर्तींच्या हातून हे घडले, याचा आपल्याला आनंद वाटणारच.

पण त्याहून महत्त्वाचा आहे या निकालाचा दुसरा भाग. प्रथा बंद करून न्यायालय थांबले नाही. शासनाने ई-रिक्षा विकत घेऊन त्या भाड्याने द्याव्यात आणि पहिला हक्क प्रत्यक्ष रिक्षा ओढणाऱ्यांचा असावा, असे त्यांनी ठरवून दिले. उरलेल्या रिक्षा आदिवासी महिला व परिसरातील इतर गरजूंना मिळाव्यात, गुजरातेतील केवडियाची योजना नमुना म्हणून घ्यावी आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. रिक्षावाल्याने मावशीला विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर होते. माणसाची मान उंच करताना त्याची चूल विझता कामा नये.

आता जबाबदारी आपल्या कार्यकर्त्यांची आहे. परवाना एकाच्या नावावर आणि ओढणारा दुसरा, असे असेल तर लाभ कोणाला मिळाला, हे डोळ्यात तेल घालून पाहिले पाहिजे. घोडेवाल्यांचेही ऐकून घेतले पाहिजे. पेव्हर ब्लॉकवरून नाल ठोकलेला घोडा घसरतो, ही त्यांची तक्रार आहे. न्यायालयाने दस्तुरी नाका ते छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा एवढ्याच मुख्य रस्त्यावर ब्लॉकना मुभा दिली, आतल्या वाटांवर नाही आणि खाली काँक्रीटही नाही. या रस्त्यावर ई-रिक्षाने घोड्याला जपावे, घोड्याने चालणाऱ्याला जपावे. मोठ्याने लहानासाठी थांबावे, हीच रस्त्यावरची समता.

रस्ता आपल्यासाठी फुकट आलेला नाही

रस्त्यावरून चालणे ही आपल्या वाडवडिलांसाठी साधी गोष्ट नव्हती. केरळात वायकोम येथे १९२४ साली मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून नुसते चालता यावे म्हणून सत्याग्रह करावा लागला. आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे महाडच्या रस्त्याने चवदार तळ्यावर चालत गेली. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी व तलावांबरोबर रस्ते हा शब्दही लिहिला गेला. सार्वजनिक रस्त्यावर कुणालाही जातीमुळे अडवता येणार नाही, हे कायद्याने ठरले.

मग आज त्या रस्त्यावर आपली माणसे मरतात कशी? २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारे होते आणि जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरचे होते. म्हणजे कारखान्याच्या पाळीला निघालेला कामगार, भाजी घेऊन निघालेली बाई, सायकलवरचा विद्यार्थी. चालणाऱ्याला फूटपाथ मिळणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी सांगितले. तेव्हा नगरपरिषदेकडे, ग्रामपंचायतीकडे फूटपाथ मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे.

विहारापासून सुरुवात करू या

हक्क मागताना आपले कर्तव्यही विसरू नये. फूटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने पाहत चालावे. वंदनेला आपण पांढरी वस्त्रे नेसून जातो. रात्रीच्या रस्त्यावर तोच पोशाख दुरून दिसतो आणि जीव वाचवतो. सायकलच्या मागे लाल चकाकी लावायला फार पैसे पडत नाहीत. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्या भगिनीनेही हेल्मेट घालावे. कौतुकाने अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे.

पंचशीलातील पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे. विहारात ते म्हणायचे आणि रात्री पिऊन गाडी चालवायची, हे धम्माशी जुळत नाही. पिऊन गाडी चालवणारा पाचव्यासोबत पहिले शीलही मोडतो, कारण त्यात दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो. महाडला २० मार्चला, चैत्यभूमीला ६ डिसेंबरला आपण रात्रभर टेम्पोने प्रवास करतो. मंडळाने चालकाची झोप झाली आहे का हे आधी विचारावे आणि टपावर कुणालाही बसू देऊ नये.

आणि अपघात झालाच तर बघ्यांच्या गर्दीत उभे राहू नका. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. ठोकर देऊन वाहन पळून गेले तर मृताच्या वारसाला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. ही माहिती प्रत्येक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवली तर कर्ज काढण्याची वेळ आलेले एखादे घर वाचेल.

निकालाची बातमी आली तेव्हा ती आम्ही मावशीला वाचून दाखवली. ती आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. आम्ही म्हणालो, "मावशी, आता तुला माथेरानला ई-रिक्षातून नेतो." तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "चालवायला तोच माणूस असेल तर बसते."

जयभीम!