सिंकखाली वॉशिंग मशीन : पाणी येण्याची वाट आणि पाणी जाण्याची वाट

वॉशिंग मशीन ही आता केवळ बंगल्यातली वस्तू राहिलेली नाही. जुलै २०१८ मध्ये घरगुती वॉशिंग मशीनवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. धामणगाव रेल्वेसारख्या कापसाच्या बाजारपेठेच्या गावातही साध्या दुकानदाराच्या आणि कारागिराच्या घरात हे यंत्र दिसू लागले आहे. परंतु आपली घरे लहान. न्हाणीत जागा नसते, अंगणात ऊन-पाऊस असतो. म्हणून मशीन स्वयंपाकघरात ओट्याखाली, सिंकच्या शेजारी जाऊन बसते. सिंकचा नळ तेथे असतो आणि सिंकचे सांडपाणीही तेथूनच जाते. दोन्ही सोयी हाताशी असल्यामुळे हे काम सोपे वाटते.

आमचा धंदा कापडाचा. नळाच्या कामाशी कापडवाल्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा, की सिंकखालचे काम कच्चे झाले की त्याची तक्रार नळवाल्याकडे जात नाही, ती कापडाच्या दुकानावर येते. म्हणून हा विषय व्यापारी आणि मिस्त्री अशा दोघांसमोर मांडत आहोत.

डाग कापडाचा की पाण्याचा?

एका घरातून आमच्या दुकानावर पांढऱ्या कापडाचे सदरे परत आले. "चाचा, तुमचं कापड कच्चं निघालं, दोन धुण्यांत पिवळं पडलं," अशी तक्रार होती. आम्ही कापड उजेडात धरून पाहिले. रंग उतरतो तेव्हा तो सबंध कापडावर एकसारखा फिका होतो, किंवा सोबतच्या फिक्या कपड्यांवर त्याची झाक येते. येथे तसे काही नव्हते. पिवळे ठिपके इकडे-तिकडे पडले होते आणि बोटाला चिकटपणा लागत होता. आम्ही एका ठिपक्यावर ओला साबण घासला. ठिपका लालसर झाला. हळदीची ही ओळख आहे. साबणाचा क्षार लागला की हळदीचा पिवळा रंग लालसर होतो.

धुतलेल्या सदऱ्यावर हळद कोठून आली? सिंकमधून. भांडी घासलेले पाणी मशीनच्या पाइपातून उलटे आत गेले होते. कापडात दोष नव्हता, मशीनमध्येही नव्हता. दोष जोडणीत होता. कापडाच्या व्यापाऱ्याने ही साबणाची परीक्षा ध्यानात ठेवावी. गिऱ्हाइकाशी वाद घालण्यापेक्षा त्याच्यासमोर ठिपक्यावर साबण घासून दाखवणे बरे. हळदीचा डाग असेल तर उन्हात वाळवल्यावर तो पुष्कळसा उडतो, हेही सांगावे.

आधी मशीनची जात ओळखा

सिंकच्या पाइपाला प्रत्येक मशीन जोडता येत नाही. ज्या मशीनमध्ये घाण पाणी फेकण्याचा पंप असतो, तेच पाणी वर चढवू शकते. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये पंप असतो. दोन टबांची अर्धस्वयंचलित मशीन आणि वरून झाकण असलेली अनेक मशीन यांत पंप नसतो. त्यांचे पाणी फक्त उताराने वाहते. अशा मशीनचा पाइप वर उचलून सिंकला जोडला तर पाणी टबातच राहील. त्यांचा पाइप जमिनीलगत ठेवून नहाणी ट्रॅपमध्येच सोडला पाहिजे. म्हणून मिस्त्रीचा पहिला प्रश्न हाच असावा : या मशीनला पंप आहे काय? उत्तर पुस्तिकेत मिळते.

समोरून दार असलेल्या मशीनला मागच्या बाजूने वाहतुकीचे मोठे बोल्ट लावलेले असतात. ते काढल्याशिवाय मशीन चालवू नये, नाहीतर ते जागेवर उड्या मारते आणि पक्की केलेली जोडणीही सैल होते.

पाणी येण्याची वाट

हा भाग तुलनेने सोपा आहे. सिंकच्या नळाला खालून पाणी देणारा अँगल कॉक असतो. तो काढून तेथे दोन तोंडांचा अँगल कॉक बसवावा. एक तोंड सिंकसाठी, दुसरे मशीनसाठी. मशीनच्या तोंडाला स्वतंत्र चावी असलीच पाहिजे, म्हणजे मशीन बंद असताना तिचे पाणी तोडता येते.

आपल्या घरातला नळ बहुधा अर्ध्या इंचाचा असतो आणि मशीनच्या पाइपाचे नट पाऊण इंचाचे असते. मध्ये योग्य निपल लावावे. दोरा गुंडाळून जुगाड करू नये. कॉक ज्या आट्यांवर भिंतीत बसतो तेथे टेफ्लॉन टेप लावावी. परंतु मशीनच्या पाइपाच्या नटात रबरी वायसर असतो, तेथे पाणी अडवण्याचे काम वायसर करतो, टेप नव्हे. हे नट हाताने घट्ट करून वर थोडासा पिळा द्यावा. पान्याने जोर लावला तर प्लास्टिकचे नट तडकते. ती तडक त्या दिवशी दिसत नाही, महिन्याभराने रात्री दिसते, आणि सकाळी टाकी रिकामी व घर ओले सापडते.

दाबाचाही हिशेब करावा. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. एकमजली घरात टाकी स्लॅबवर ठेवलेली असते. टाकीचा तळ जमिनीपासून १० फूट आणि मशीनचा कॉक २ फुटांवर धरला तर उरली ८ फूट, म्हणजे सुमारे २.४ मीटर. दाब झाला पाव बारच्या आसपास. अनेक मशीनच्या पुस्तिकेत याहून अधिक किमान दाब मागितलेला असतो. मग मशीन थोडे पाणी घेऊन थांबते आणि मालक म्हणतो, मशीन खराब निघाले. खरे म्हणजे टाकी ठेंगणी आहे. टाकी लोखंडी स्टँडवर उंच करावी, किंवा टाकीच्या पुढे दाब वाढवणारा छोटा पंप बसवावा. नगरपरिषदेच्या नळाला थेट मोटार लावणे मात्र गैर आहे. त्यात शेजाऱ्याच्या हक्काचे पाणी ओढले जाते.

वऱ्हाडातल्या पाण्याचा स्वभावही लक्षात घ्यावा. काळ्या खडकातले बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात साबणाला फेस येत नाही आणि पाणी तापवणाऱ्या कॉईलवर पांढरा थर बसतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूला, खारपाणपट्टा आहे. तेथे तर भूजलच खारे. नळाचे गोडे पाणी मिळत असेल तर मशीनला तेच द्यावे. पाइप जेथे मशीनला लागतो तेथे एक बारीक जाळी असते. ती महिन्या-दोन महिन्यांनी काढून ब्रशने धुवावी. 'मशीन पाणी घेत नाही' ही तक्रार अनेकदा एवढ्यानेच मिटते.

पाणी जाण्याची वाट

खरा हुनर येथे लागतो. इंग्लंडमध्ये मशीन स्वयंपाकघरातच ठेवण्याची पद्धत आहे. म्हणून तेथे सिंकच्या ट्रॅपलाच मशीनचा पाइप जोडण्यासाठी एक तोंड ठेवलेले असते. आपल्याकडे बहुतेक सिंकना वळ्यावळ्यांचा लवचीक पाइप लावून तो खाली नहाणी ट्रॅपमध्ये सोडून देतात. त्या पाइपाला भोक पाडून मशीनचा पाइप खुपसणे म्हणजे जोडणी नव्हे.

योग्य रीत अशी. सिंकखाली मशीनसाठी तोंड असलेला ट्रॅप बसवावा. हे तोंड ट्रॅपमधील साचलेल्या पाण्याच्या वर, सिंकच्या बाजूला असले पाहिजे. ते पाणी म्हणजे नालीची दुर्गंधी आणि झुरळे अडवणारा पडदा. जोड त्या पाण्याच्या पलीकडे, नालीच्या बाजूला दिला तर नालीची हवा सरळ मशीनमध्ये येते आणि धुतलेल्या कपड्यांना वास मारतो. नव्या ट्रॅपचे हे तोंड आतून बंद केलेले असते. तो पडदा कापून काढावा लागतो. तो तसाच राहिला तर मशीन पाणी फेकू शकत नाही आणि पंप नुसता घुमत राहतो.

आता मुख्य गोष्ट. मशीनचा पाइप सरळ आडवा त्या तोंडाला लावू नये. मशीनपासून निघाल्यावर तो आधी ओट्याच्या खालच्या पृष्ठभागापर्यंत उंच न्यावा, तेथे क्लॅम्पने पक्का बांधावा आणि मग खाली आणून तोंडाला जोडावा. या कमानीमुळे सिंकमधून उतरणारे पाणी मशीनकडे वळू शकत नाही. पाइप लोंबता राहिला तर भांड्यांचे पाणी त्यात साचते आणि तेथून मशीनच्या पोटात जाते. आमच्याकडे आलेल्या त्या सदऱ्यांचे असेच झाले होते.

कमान नसल्याचा दुसराही तोटा आहे. पाइपाचे तोंड मशीनमधील पाण्याच्या पातळीपेक्षा खाली राहिले तर पाणी आपोआप ओढले जाते. मशीन वरून पाणी भरत राहते, खालून ते निघून जात राहते. टाकी संपते पण धुणे सुरू होत नाही. समोरून दार असलेल्या बहुतेक मशीनसाठी पाइपाची उंची जमिनीपासून साधारण २ ते ३ फूट ठेवण्यास सांगितलेले असते. नेमका आकडा त्या मशीनच्या पुस्तिकेतला घ्यावा.

तरीही एक मर्यादा आहे. सिंक तुंबून काठोकाठ भरले तर त्याच्या पाण्याची पातळी ओट्याखालच्या कमानीपेक्षा वर जाते, आणि मग कमानही पाणी अडवू शकत नाही. ज्या घरात सिंकमध्ये भात, चहाची पत्ती आणि तेलकट पाणी जाते, तेथे सिंक तुंबणारच. अशा घरी आमचा सल्ला हा, की मशीनसाठी वेगळा उभा पाइप घ्यावा. ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप भिंतीलगत उभा करून खाली नहाणी ट्रॅपमध्ये सोडावा. मशीनचा पाइप त्यात वरून चार-सहा इंच घालावा, पण भोवतीची जागा सिमेंट किंवा टेपने बंद करू नये. तेथून हवा आत जाते, म्हणून पाणी ओढले जात नाही. खर्च थोडा वाढतो, पण सिंकचे पाणी आणि कपड्यांचे पाणी यांची गाठच पडत नाही.

विजेची खबरदारी

पाणी तापवणारे मशीन सुमारे २००० वॅट वीज घेते. त्याला १६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग लागते. बोर्ड सिंकच्या खाली नसावा, बाजूला आणि उंच असावा. एक्स्टेन्शन वायरवर मशीन चालवू नये. ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या बाईचा हात रोज या यंत्राला लागणार आहे. अर्थिंग नसेल तर मिस्त्रीने काम थांबवून तसे सांगावे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर अधिक चांगले.

निळीची परीक्षा

काम झाल्यावर मालकासमोर दोन परीक्षा घ्याव्यात. पहिली : मशीनमध्ये कपडे न घालता फक्त पाणी भरून फेकण्याचा फेरा चालवावा. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवावा. कागदावर थेंब दिसला तर जोड पुन्हा करावा. त्याच वेळी मशीनचे पाणी सिंकमध्ये वर तर येत नाही ना, हेही पाहावे. येत असेल तर खालचा पाइप अरुंद आहे किंवा चोंदला आहे.

दुसरी : मशीनमध्ये एक पांढरा फडका ठेवावा. सिंकची जाळी बंद करून सिंक पाण्याने भरावे, त्यात कपड्यांची नीळ टाकावी आणि मग एकदम सोडावे. सगळे पाणी उतरल्यावर मशीन रिकामेच चालवून पाणी फेकू द्यावे आणि फडका पाहावा. पांढरा राहिला तर वाट बरोबर आहे. निळा झाला तर कमान उंच करावी किंवा उभा पाइप घ्यावा. चिमूटभर निळीत जे कळते, त्यासाठी सणाचे कपडे खराब करण्याची गरज नाही.

व्यापारी आणि कारीगर यांचे काम

कंपनीचा माणूस येतो तो तयार नळाला पाइप लावून, बटणे समजावून जातो. भिंत फोडणे, ट्रॅप बदलणे, टाकी उंच करणे हे सहसा त्याचे काम नसते. ही जागा आपल्या मिस्त्री बांधवांची आहे. ज्या गावात मशीन विकले जाते तेथे ही रोजी उपलब्ध आहे. मात्र त्यासाठी अंदाजाने काम करण्याची सवय सोडून पुस्तिका वाचण्याची सवय लावावी लागेल. स्वतःला वाचता येत नसेल तर शिकणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

हिशेब लेखी द्यावा : सामान किती, मजुरी किती, नालीच्या बाजूचे काम किती. आठ दिवसांनी एकदा जाऊन जोड पाहून यावे. या एका फेरीतून जी दहा कामे मिळतात ती जाहिरातीने मिळत नाहीत.

मशीन विकणाऱ्या दुकानदारानेही पैसे घेण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. टाकी किती उंच आहे? पाणी नळाचे की बोअरचे? घाण पाणी कोठे जाणार? अर्थिंग आहे काय? या चारपैकी एकाचे उत्तर अडले तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे आणि आधी मिस्त्री पाठवावा. विक्री दोन दिवस लांबेल. परंतु माल घरी गेल्यावर तो चालला पाहिजे, हाही सौद्याचाच भाग आहे.